'तो काही करत नाही हो!' – बागेतली मोकळी कुत्री, पट्टा आणि अंगावर जाणं

सायली_म (धागाकर्ती)

बागेत कुत्रं फिरवणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य ऐकलेलं असतं: 'घाबरू नका, तो काही करत नाही!' ते नेहमी लांबून ओरडूनच सांगितलं जातं, कारण सांगणाऱ्याच्या हातात पट्टा असतो, पट्ट्याला कुत्रा नसतो.

माझी कुत्री मध्यम आकाराची. मोठी झाल्यावर आमच्याकडे आली, त्यामुळे तिचं लहानपण कसं गेलं ते आम्हाला माहीत नाही. माणसांशी छान वागते. अनोळखी कुत्रा समोरून थेट अंगावर आला की मात्र तिचं बिनसतं. म्हणून ती कायम पट्ट्यावर असते, आम्ही गर्दीची वेळ टाळतो, दुसरं कुत्रं दिसलं की मी वाट बदलते. गेल्या आठवड्यात एक दांडगा मोकळा कुत्रा हिरवळ ओलांडून धावत आला. मी ओरडले, 'बांधा त्याला!' उत्तर काय आलं ते वर लिहिलंच आहे. त्याने येऊन सरळ तिच्या मानेवर हनुवटी टेकवली. ती आधी जागच्या जागी थिजली, मग ओठ वर गेले, मग गुरगुर. तरी तो हटेना, तेव्हा ती त्याच्या तोंडावर झेपावली. कुणाला ओरखडाही आला नाही. पण बघ्यांचा निकाल तयारच होता: 'केवढी चावरी कुत्री! असली बागेत आणताच कशाला?'

चूक कोणाची यावर खुशाल वाद घाला. मला खरं हवंय ते हे, की अशा वेळी नेमकं करायचं काय?

चहाटळ

पहिला! खुर्ची टाकून बसलोय. ज्यांची कुत्री काही करत नाहीत त्यांनी डावीकडे बसा, ज्यांची करतात त्यांनी उजवीकडे. मांजरवाले मागे.

खुशालचेंडू

मी डावीकडचा, आणि मुद्दाम विरुद्ध बाजूने लिहितोय. कुत्रा धावायला जन्माला आलाय. चोवीस तास घरात आणि बाहेर निघाला की गळ्यात पट्टा, हे काय आयुष्य झालं? उलट सतत बांधून ठेवलेली कुत्रीच चिडकी होतात. माझा कुत्रा मोकळा असतो, सगळ्यांशी खेळतो, आजवर एकदाही कुणाला चावलेला नाही. सायलीताई, राग मानू नका, पण तुमच्या कुत्रीला इतर कुत्र्यांची सवय नाही हा तुमच्या घरचा प्रश्न आहे. त्यासाठी बाकीच्यांनी आपली कुत्री का बांधून ठेवावीत?

सायली_म (धागाकर्ती)

खुशालचेंडू, माझ्या घरचा प्रश्न मी माझ्या पट्ट्याला बांधूनच फिरते. तुमचा कुत्रा धावत येतो तेव्हा तो प्रश्न तुम्ही सोडवायला घेता, तेही मला न विचारता. आणि 'तो काही करत नाही' यातून मला तुमच्या कुत्र्याबद्दल कळतं. माझी काय करेल ते तुम्हाला कुठे ठाऊक आहे?

रोजचा_वॉकर

मी मागच्या रांगेतला. कुत्रा पाळलेला नाही, पाळायचाही नाही. रोज त्याच बागेत चालतो, वय सत्तरीच्या पुढे.

कुत्रेवाल्यांच्या चर्चेत आम्ही नसतोच. कुत्रा आणि कुत्रा यांच्यात काय होतं ते तुम्ही बघून घ्या; पण मोकळा कुत्रा माणसांतूनच धावतो. गुडघा बदललेल्या माणसाला प्रेमाने पाडलं काय आणि रागाने पाडलं काय, हाड मोडायचं ते मोडतंच. माझ्याबरोबर चालणाऱ्या एका बाईंना लहानपणी कुत्रं चावलंय. लांबून भुंकणं ऐकलं तरी त्या माझं मनगट धरतात. त्यांना 'घाबरू नका' सांगणाऱ्याने एकदा त्यांचा चेहरा बघावा. काही करत नाही हे तुम्हाला माहीत, कारण तुम्ही त्याला रोज खायला घालता. आम्हाला कसं कळावं?

चहाटळ

काकांना +१. शिवाय चिखलाचे पंजे पांढऱ्या पँटवर उमटवणं याला काही मालक 'आवडलात तुम्ही त्याला' म्हणतात.

कान_टवकारून

कुत्र्यांना वळण लावणं हाच माझा व्यवसाय, त्यामुळे जरा लांबण लावतो.

खुशालचेंडू म्हणतात की पट्ट्याने कुत्री चिडकी होतात. यात अर्धं खरं आहे, आणि ते नीट समजून घेतलं तर त्यांच्याच विरुद्ध जातं. दोन मोकळी, शहाणी कुत्री भेटतात तेव्हा एकमेकांकडे नाकासमोर चालत येत नाहीत. थोडा वळसा घेतात, नजर बाजूला ठेवतात, मध्येच जमीन हुंगतात, मग एकमेकांच्या मागच्या बाजूला नाक नेतात. दोन-तीन सेकंदांत हुंगून झालं की सुटी होतात. पट्ट्यावरच्या कुत्र्याला हा वळसा घ्यायला जागाच नसते. त्यात मालक धसकतो आणि पट्टा आवळतो. गळ्यातला पट्टा मागे ओढला गेला की कुत्र्याची मान उंच होते, छाती पुढे येते, भार मागच्या पायांवर जातो. समोरून येणाऱ्याला दिसतं की हा ताठ होऊन रोखून बघतोय. शिष्टाचार मोडलाय मालकाने, पण खुन्नस मिळते कुत्र्याला.

आणि पळायची सोय नाही. घाबरलेल्या जनावराचा पहिला विचार लांब जाण्याचा असतो. ती वाट बंद झाली की उरतं ते भुंकून, झेपावून समोरच्याला लांब घालवणं. बऱ्याचदा ते जमतं, कारण समोरचा मालक आपलं कुत्रं घेऊन निघून जातो. कुत्रा शिकतो की भुंकलं की संकट टळतं. पुढच्या वेळी तो जरा आधीच भुंकतो. पट्ट्यावर आक्रमक दिसणारी कितीतरी कुत्री आतून घाबरलेली असतात. काही उलट असतात: त्यांना भेटायची इतकी घाई असते की अडवलं म्हणून ती चवताळतात. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, उपाय मात्र वेगळे, म्हणून कुत्रा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय निदान करू नये.

म्हणून एक बांधलेला आणि एक मोकळा ही सगळ्यांत वाईट जोडी. दोन्ही बांधलेले असले तर मालक अंतर ठेवू शकतात. दोन्ही मोकळे असले तर कुत्री आपसांत अंतर ठरवू शकतात. इथे अंतर ठरवतो फक्त मोकळा, आणि भोगतो बांधलेला.

सायलीताई, तुमच्या कुत्रीने केलं ते शहाण्या कुत्रीचं काम होतं. थिजणं, ओठ वर करणं, गुरगुरणं, मग हवेत तोंड मारणं: एवढ्या पायऱ्या तिने ओळीने दाखवल्या. गुरगुरली म्हणून तिला कधी रागावू नका. गुरगुरणं मोडून काढलेला कुत्रा पुढे न सांगता चावतो.

खुशालचेंडू

पण शेपटी हलवत येतो हो तो! शेपटी हलवणारा कुत्रा कशाला कुणाला इजा करेल?

कान_टवकारून

शेपटी हलतेय म्हणजे कुत्रा उत्तेजित आहे, एवढंच. इटलीत बारी आणि त्रिएस्ते इथल्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं की मालक दिसला की कुत्र्याची शेपटी त्याच्या उजव्या बाजूला जास्त झुकून हलते, आणि अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. बागेत कुणी कोन मोजत बसणार नाही, पण शेपटी कुठे धरलीय ते बघता येतं. कमरेच्या रेषेत, सैल, सगळं ढुंगण हलवत असेल तर ठीक. उंच, ताठ, फक्त टोक भराभरा थरथरतंय, बाकी अंग गोठलेलं, तर लगेच बाजूला व्हा.

तोंडही बघा. खायला काही नसताना ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, डोकं वळवून डोळ्याच्या कडेने बघताना दिसणारी पांढऱ्याची कोर, एक पंजा उचलून धरणं. हे सगळं गुरगुरण्याच्या आधी येतं. नॉर्वेच्या श्वानप्रशिक्षक ट्यूरिड रुगोस यांनी अशा खुणांवर बरंच काम केलंय. मालक मोबाइलमध्ये असला की या खुणा वाया जातात आणि मग 'अचानक चावला' म्हणतात.

जुनाजाणता

एवढं मानसशास्त्र कशाला? कुत्रा म्हणजे लांडग्याची जात. कळपात एक म्होरक्या असतो, तो तुम्ही व्हायला हवं. झेपावला की पट्ट्याला एक सणसणीत झटका, तरी ऐकलं नाही तर उताणा पाडून दाबून धरा. आमच्या वेळी सगळी कुत्री अशीच सरळ व्हायची.

कान_टवकारून

जुनाजाणता, मान राखून सांगतो, ही समजूत कुठून आली ते बघा. रुडॉल्फ शेंकेल या प्राणी-अभ्यासकाने १९४७ मध्ये प्राणिसंग्रहालयातल्या, कोंडून ठेवलेल्या लांडग्यांची निरीक्षणं मांडली. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने 'अल्फा', म्हणजे कळपाचा म्होरक्या, ही कल्पना घरोघर नेली. पुढे त्याच मेक यांनी कॅनडातल्या एल्समेअर बेटावर रानातले लांडगे उन्हाळ्यामागून उन्हाळे पाहिले आणि १९९९ मध्ये लिहिलं की नैसर्गिक कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पिल्लं, म्होरकेपणासाठी लढाया करणारी टोळी नव्हे. ज्यांनी ती कल्पना पसरवली त्यांनीच ती मागे घेतली.

बागेतलं साधं गणित बघा. समोर कुत्रा दिसला की गळ्याला झटका बसतो. कुत्रा काय शिकेल? की दुसरा कुत्रा आला की मान दुखते. आधी नुसती भीती होती, आता वेदनाही जोडली. आणि चवताळलेल्या कुत्र्याला उताणा पाडायला वाकाल तेव्हा तुमचं तोंड त्याच्या दातांपासून किती अंतरावर असेल तेही बघा.

जुनाजाणता

बरं. मग खाऊ घालून लाडावून ठेवायचं का? भुंकला की बिस्कीट, म्हणजे भुंकायला बक्षीसच की.

कान_टवकारून

हा प्रश्न सगळेच विचारतात. भीतीला बक्षीस देऊन भीती वाढत नाही. खाऊ भुंकण्याबद्दल नसतोच, दुसरं कुत्रं दिसण्याबरोबर येतो. क्रम महत्त्वाचा: आधी कुत्रं दिसतं, मग लगेच खाऊ. आणि अंतर असं, की आपला कुत्रा समोरच्याला बघतो पण अजून भुंकत नाही, नाव घेतलं तर कान हलतो, खाऊ हळुवार घेतो. हिसकावून घेऊ लागला किंवा खाऊ तोंडातून गळला तर समजा फार जवळ आलात. मागे जा. काही आठवड्यांनी कुत्रं दिसलं की तो आपणहून वळून तुमच्याकडे बघतो, 'आला बघ, काढ आता' अशा चेहऱ्याने. तो क्षण आला की अंतर पावलापावलाने कमी करता येतं. हे बागेच्या मध्यावर शिकवू नका, कडेला उभं राहून शिकवा.

एकाच दिवसात धक्क्यावर धक्के बसले, म्हणजे सकाळी फटाका, मग दारात अनोळखी माणूस, मग बागेत मोकळा कुत्रा, की एरवी दहा पावलांवर चालणारं त्या दिवशी तीस पावलांवरही चालत नाही. अशा दिवशी बाग सोडून द्या. घरी पायपुसण्यात खाऊ लपवा, हुंगत बसू दे.

दोन_पोरांची_आई

मुलांचं काय करायचं? माझा धाकटा कुत्रा दिसला की किंचाळत पळतो, थोरली प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात पडायला धावते. दोघांचीही धास्ती.

गोठ्यातला_डॉक्टर

पशुवैद्य आहे. या प्रश्नासाठीच लॉगिन झालो, कारण चावलेल्या मुलांच्या जखमा बहुधा तोंडावर आणि मानेवर असतात. मुलांचा चेहराच कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतो.

धाकट्याला 'झाड हो' शिकवा. पळायचं नाही, पाय जागेवर, हात पोटावर बांधलेले, नजर स्वतःच्या बुटांवर. पळणारी, किंचाळणारी वस्तू पाठलागाला बोलावते. न हलणारी कंटाळवाणी असते. कुत्र्याने पाडलंच तर गुडघे पोटाशी, दोन्ही मुठी मानेमागे, कोपरांनी कान झाकलेले. हा खेळ म्हणून घरी करून घ्या. थोरलीसाठी नियम: आधी मालकाला विचारायचं, मग कुत्र्याला. कुत्र्याला विचारायचं म्हणजे जरा लांब, तिरकं उभं राहायचं, तो आपण होऊन आला तरच छातीला किंवा खांद्याला हात लावायचा. डोक्यावरून हात नाही, मिठी तर नाहीच. मालक हो म्हणाला आणि कुत्र्याने तोंड फिरवलं, तर उत्तर नाही असं धरायचं.

आता दात लागलाच तर. साबण आणि वाहत्या पाण्याने जखम सलग १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून. हळद, मिरची, चुना काही भरू नका. मग उशीर न करता दवाखाना. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत नुसतं धड कातडीला चाटणं ही पहिली श्रेणी, त्यात लस लागत नाही. रक्त न येता खरचटलं तर दुसरी, त्यात लस. दात कातडीच्या आत गेला, किंवा लाळ फाटलेल्या कातडीला वा डोळ्या-तोंडाला लागली, तर तिसरी, त्यात लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) लागतं. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, म्हणून 'बघू उद्या' हा पर्यायच नाही. चावणारं कुत्रं ओळखीचं असेल तर त्याच्यावर १० दिवस नजर ठेवतात, पण तुमची लस त्यासाठी थांबवायची नसते. कुत्र्याचं लसीकरणाचं कार्ड सोबत बाळगणं हाही मला शिष्टाचारच वाटतो. समोरच्याची झोप तरी वाचते.

सायली_म (धागाकर्ती)

डॉक्टर, आणि दोन कुत्री भिडलीच तर? तेव्हा सगळे नुसते ओरडत असतात.

गोठ्यातला_डॉक्टर

ओरडण्याने ती जास्त चेकाळतात. आणि सगळ्यांत आधी मालक काय करतो? तोंडाजवळ हात घालून गळपट्टा धरतो. माझ्याकडे येणाऱ्या मालकांचे हात यातूनच फाटतात. तेव्हा कुत्रा चावा आपल्या माणसाला घेतोय हे त्याला कळत नसतं.

बऱ्याच चकमकी म्हणजे आवाज फार, दात कमी. काही सेकंदांत आपण होऊन सुटतात. नाही सुटल्या तर पाणी ओता, जाकीट दोघांच्या डोक्यांवर टाका, मधे छत्री उघडा, फळी किंवा पिशवी सरकवा. दोन्ही मालक धीराचे असतील तर एकाच वेळी आपापल्या कुत्र्याचे मागचे पाय मांड्यांशी धरून उचलायचे आणि मागे मागे अर्धगोल चालत जायचं, म्हणजे तो वळून चावू शकत नाही. एकट्याने हे करू नका. एकाला उचललं की तो दुसऱ्याच्या तावडीत आयता सापडतो. आणि एकाने पकडून धरलेलं असेल तर ओढू नका, मांस फाटतं.

सुटल्यावर 'काही नाही झालं' म्हणून घरी जाऊ नका. सुळ्याचं भोक केसांत दिसतही नाही, पण आतलं मांस हिसडलेलं, चुरडलेलं असतं, आणि दोन दिवसांनी गळू होऊन येतं. केस बाजूला करून मान, छाती, पोट, काखा बघा. श्वास भरभर चालला असेल किंवा हिरड्या पांढरट दिसल्या तर तडक दवाखाना. छोट्या कुत्र्याला मोठ्याने उचलून झटकलं असेल तर बाहेर एक थेंब रक्त नसलं तरी आणाच.

चावे मोजायची एक पट्टीही आहे, श्वान-वर्तनतज्ज्ञ इयान डनबर यांची, सहा पायऱ्यांची. पहिल्या पायरीत दात लागतच नाहीत, दुसरीत लागतात पण कातडीला भोक पडत नाही, तिसरीत एका चाव्याची एक ते चार भोकं, सुळ्याच्या निम्म्याहून उथळ. चौथीपासून गंभीर. सायलीताईंची कुत्री या पट्टीवर पहिल्या पायरीवर आहे. तिला चावरी म्हणणाऱ्यांना हे ऐकवा.

चहाटळ

आमच्याकडच्या काही मालकांसाठीही अशी पट्टी हवी. पायरी एक: ऐकू न आल्यासारखं करणं.

रोजचा_वॉकर

आणखी एक. बागेत एक अंध गृहस्थ मार्गदर्शक कुत्रा घेऊन येतात. कामावर असलेल्या त्या कुत्र्याला मोकळी कुत्री खेळायला छेडतात. तो बिचारा काम सोडू शकत नाही, आणि मालकाला तर काय चाललंय तेही दिसत नाही. असा कुत्रा एका हल्ल्यात बिचकून कायमचा निवृत्त झाल्याची उदाहरणं घडलेली आहेत. त्यामागची सगळी तालीम वाया, आणि त्या माणसाचं हिंडणं-फिरणं बंद. 'खेळायचंय त्याला' म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा.

खुशालचेंडू

काका, हे पटलं. माझं बाकीचं म्हणणं मात्र कायम आहे: कुत्र्याला धावायला मिळालंच पाहिजे. कुंपणाचा डॉग पार्क असेल तिथे तरी मोकळं सोडू द्याल की नाही?

कान_टवकारून

तिथे मोकळंच सोडायचं, बांधून आत नेणं हीच तिथली चूक. दोन फाटकांमधल्या जागेत पट्टा काढा, आत मोकळी टोळी आणि मधे एक बांधलेला असं करू नका. फाटकाशी गर्दी झाली असेल तर पांगेपर्यंत बाहेर थांबा. भांडणं फाटकाशीच जास्त होतात. हावरट किंवा चेंडूवर मालकी सांगणारं कुत्रं असेल तर खेळणी घरी ठेवा. आणि बाकावर बसून गप्पा मारू नका. खेळ चांगला चाललाय याची खूण म्हणजे अदलाबदल: आधी हा पाठलाग करतो, मग तो, आधी हा खाली, मग तो, मधे मधे थांबतात, अंग झटकतात. एकच सतत खाली आणि त्याची शेपटी पोटाशी, तर तो खेळ नाही, छळ आहे. शंका आली तर वरच्याला धरा. खालचा परत त्याच्याकडेच आला तर सोडून द्या, सटकला तर घरी चला.

खुल्या बागेत मोकळं सोडायचं का, याची कसोटी माझ्यापुरती एकच. मोकळं सोडायला परवानगी आहे अशी जागा, आणि तिथेही समोर दुसरं कुत्रं पळत असताना एका हाकेत माघारी येतो का? घरात येतो, रिकाम्या मैदानात येतो, याला किंमत नाही.

दोन_पोरांची_आई

आणि ते लांबणारे पट्टे? बटण दाबलं की दोरी सुटत जाते ते? मुलाच्या पोटरीला एकदा त्याने भाजल्यासारखा वळ उठला होता.

कान_टवकारून

बागेत मला तो डोळ्यांसमोर नको. दोरी बारीक, त्यामुळे संध्याकाळच्या उजेडात दिसत नाही. सायकलवाल्याच्या चाकात आणि मुलांच्या पायांत जाते. बोटांना गुंडाळली गेली तर बोट तुटल्याच्याही घटना आहेत. कुत्रा शिकतो की ओढलं की दोरी मिळते, म्हणजे ओढण्याची शिकवणीच. आणि हातातून सुटला तर ती प्लास्टिकची मूठ खडखडत कुत्र्याच्या मागे येते, तो दचकून पळतो, ती आणखी जोरात खडखडत येते. अशी रस्त्यावर गेलेली कुत्री मी बघितली आहेत.

गर्दीत साधा, साधारण चार ते सहा फुटांचा सपाट पट्टा. कुत्रा ओढत असेल तर छातीशी कडी असलेला हार्नेस (गळ्याऐवजी अंगाभोवती बसणारा पट्टा). पट्टा हातात इंग्रजी 'यू'सारखा सैल लोंबला पाहिजे. वाट अरुंद असेल तर आधी वळा, आपला कुत्रा आपल्या बाहेरच्या बाजूला घ्या म्हणजे मधे आपण येतो. आणि दुसऱ्याच्या पट्ट्यावरच्या कुत्र्याला भेटवायचं असेल तर लांबूनच विचारा, 'चालेल का?' तो नाही म्हणाला तर कारण विचारू नका. त्या कुत्र्याचं ऑपरेशन झालं असेल, तो म्हातारा असेल, शिकत असेल. पट्ट्याला पिवळी फीत दिसली तर विचारूही नका. काही देशांत ती 'मला जागा द्या' अशी खूण आहे. सगळ्यांना माहीत नसते, म्हणून फितीच्या भरवशावर राहू नका, तोंडाने सांगा.

सायलीताई, तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर राहिलंच. मोकळा कुत्रा धावत येतोय. पट्टा आवळू नका, आखूड धरा पण सैल. 'चल!' म्हणून उत्साहाने उलटं फिरा. हे वळणं शांत वेळी रोज खेळासारखं शिकवून ठेवलेलं हवं, तेव्हाच ऐन वेळी चालतं. वेळ नसेल तर तुमच्या कुत्रीला मागे ठेवून मधे उभ्या राहा, तळवा पुढे, खालच्या आवाजात 'थांब!' बरीच कुत्री यावर खरंच थबकतात. तरी आला तर खिशातला मूठभर खाऊ त्याच्या नाकासमोर जमिनीवर फेका, तो हुंगेपर्यंत तुम्ही पार होता. मालकाला 'पकडा त्याला' म्हणण्याऐवजी 'माझी चावेल' ओरडा. खरं असो-नसो, पाय तेव्हाच हलतात.

खुशालचेंडू

हा शेवटचा उपाय माझ्यावर चालेल, कबूल.

बरं, एक विचारतो. माझा माणसांकडे जात नाही पण कुत्रं दिसलं की हाक ऐकत नाही. धावायला तर हवंच त्याला. मधला काही रस्ता?

कान_टवकारून

लांब दोरी. पाच ते दहा मीटरची, जाडसर, हार्नेसच्या पाठीवरच्या कडीला. गळपट्ट्याला कधीच नाही. दहा मीटरचा वेग घेऊन थांबला तर मानेला हिसका बसतो. हातमोजे घाला. हाताला गुंडाळू नका, उरलेली दोरी पसरलेल्या घड्यांत तळहातावर ठेवा. रिकाम्या मैदानात हाक, आला की त्याच्या आवडीचं काहीतरी भारी, आणि लगेच परत सोडा, म्हणजे हाक मारली की मजा संपते असं त्याला वाटणार नाही. एकदा हाक मारून आला नाही तर पुन्हा पुन्हा मारू नका, दोरी धरून जवळ जा. लांबवर एक शांत कुत्रं असताना जमू लागलं की जरा जवळ.

सायली_म (धागाकर्ती)

माझाही शेवटचा प्रश्न. गर्दीत नेताना मुसकी बांधावी असं घरचे म्हणतात. मला ते लोकांनी तिला आणखी वाईट समजण्याचं निमित्त वाटतं.

गोठ्यातला_डॉक्टर

निमित्त म्हणू नका, निश्चिंती म्हणा. तुमचा हात सैल राहील आणि कुत्रीला तेच जाणवेल. फक्त जाळीची, पिंजऱ्यासारखी मुसकी घ्या. कापडी नळीसारखी तोंड बंद करणारी असते, ती दवाखान्यात दोन मिनिटांसाठी. तिच्यात कुत्र्याला धापा टाकता येत नाहीत आणि उन्हात अंग तापून जीवावर बेततं. जाळीच्या मुसकीत तोंड पूर्ण उघडून जीभ बाहेर काढता आली पाहिजे, पाणी पिता आलं पाहिजे, जाळीतून खाऊ देता आला पाहिजे. मापासाठी नाकाच्या टोकापासून डोळ्यांच्या जरा खालपर्यंत लांबी घ्या, आणि तोंडाचा घेर धापा टाकत असताना मोजा, मिटलेला असताना नाही. आणल्या दिवशी बांधू नका. आत खाऊ लावून नुसती समोर धरा, ती स्वतः नाक घालेल तेवढंच. पट्टा मागे अडकवायला बरेच दिवस गेले तरी चालतील. जाळी नाकाच्या हाडावर घासत असेल तर आतून मऊ कापडाची पट्टी लावून घ्या.